समुद्राकाठचा मुक्काम

ताडकळसच्या अप्पारावांनी लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला काही विचारलं. "निजामाच्या मोगलाईबाहेर फिरायला जाऊ. मुक्काम कोल्हापुरात ठिवायचा का हर्णैला? तिथं समुद्र हाय, पण रेल्वे न्हाई."

"समुद्राकाठीच राहू की," सुमंगला हरखून म्हणाली. "रेल्वे काय करायचीय आपल्याला?"

हर्णैत एका घराच्या ओसरीवर तिला बसवून अप्पाराव तंबाखू आणायला गेले. सुमंगला डोळे भरून समुद्र पाहत राहिली. दिवस कलला, ती उठून वाटेकडे पाहू लागली, तशी घरमालकीण बाहेर आली.

"तुझे भाऊ मघाच्याच आगबोटीने गेले. विधवा बहीण आहे, स्वयंपाकाला ठेवून घ्या म्हणाले. चल आत. आणि बाई, आधी ते कुंकू पूस."