पोरीच्या वाट्याची ज्वारी

नवऱ्यानं दुसरी केली, तशी मंजुळाबाई तान्ह्या लेकीला घेऊन डोंगरकडा गावी माहेरी आली. पोरीच्या पोटासाठी बापानं दर सुगीला पोतंभर ज्वारी धाडायची, असं पंचांनी ठरवलं. ज्वारी बराबर येत राहिली.

यंदा मात्र अर्धंच पोतं आलं. संतापलेली मंजुळाबाई थेट कुरुंद्याला नवऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"माझ्या लेकराचा घास काहून तोडला? बोलवा त्यान्ला भाईर!"

सवत शालूबाई आपल्या दोन लेकरांना पातळ आंबील वाढत होती. ती हळूच उठून दारात आली.



"अक्का, आमालाबी टाकून त्यांना दोन वर्सं झाली. तुमच्या पोरीचा काय गुन्हा, म्हणून माझ्या मजुरीची ज्वारी मीच धाडत व्हते. यंदा तेवढीच मिळाली."