शनिवारचा मेसेज

हेमेंद्रचं उत्तर आलं ते नुसता एक आकडा: ७.

गोंदियातल्या एका व्यसनमुक्ती संस्थेच्या यादीत दोनशे पोरं होती, सगळी विशीतली. कॉलेजात शिबिर झालं तेव्हा त्यांनी आपणहून मोबाइल नंबर दिले होते. दर शनिवारी संध्याकाळी त्यांना मेसेज जायचा, 'आज किती पेग पिणार?' पोरं आकडा धाडायची आणि संगणकातून तयार सल्ला निघायचा. हेमेंद्रला मात्र तिथं काम करणारी योगेश्वरी स्वतः लिहायची.

'सात कशाला? चारवर थांबून बघा. मधे मधे पाणी प्या.'

संस्था चालवणाऱ्या निर्मलाबाईंना तिचं कौतुक वाटे. "एवढी माया लावतेस, कोण लागतो तुझा?"

"कोणी नाही, मॅडम."

ते खोटं नव्हतं. पूर्वी ती त्याला हेमूभाऊ म्हणायची. तो तिच्या गुड्डूदादाचा जिवाचा मित्र, तिच्या मायच्या हातचं खाऊन वाढलेला. दीड वर्षापूर्वी नवेगाव बांधच्या तळ्याकाठी दोघांची मोटरसायकल झाडावर आदळली. गुड्डूदादा जागीच गेला. हेमेंद्रचा फक्त हात मोडला. 'पिऊन होतो, मीच चालवत होतो,' असं त्यानं पोलिसांत लिहून दिलं, जामिनावर सुटला आणि तेव्हापासून पीतच राहिला.

तेच तिला सलत होतं. माय दिवसरात्र शुद्धीत जळत होती, आणि हा रोज सगळं विसरून झोपत होता. याला विसर मिळू द्यायचा नाही. यादीत त्याचं नाव दिसलं, त्याच दिवशी तिनं ठरवलं.

आकडे उतरू लागले. पाच. चार. पोळ्याच्या आठवड्यात एकदम अकरा आले, तरी ती रागावली नाही. 'पुढच्या शनिवारी परत बघू,' एवढंच तिनं लिहिलं. दिवाळीनंतर पहिलं शून्य आलं. मग दुसरं. नवव्या शून्यासोबत दोन ओळी होत्या: 'आता झोप येत नाही. सगळं आठवते.'

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी योगेश्वरी पोटभर जेवली.

दारू सुटलेल्या पोरांना निर्मलाबाईंनी चहाला बोलावलं, तेव्हा हेमेंद्रही आला. वाळला होता, पण डोळे स्वच्छ होते. योगेश्वरीनं त्याला मागच्या पायरीवर गाठलं.

"मेसेज मी धाडत होती."

तो दचकला. मग हात जोडू लागला.

"हात नको जोडू. तू सुधरावा म्हणून नाही केलं. तुले आठवावं म्हणून केलं. आता जन्मभर जागा राह्य."

"जागाच आहो, बाई."

"मंग सांग, गाडी कशी आदळली? मायले सांगाचं आहे."

"कायले विचारून राहिली? लिहून देल्लं ना मी."

"ते पिऊन लिहिलं. आता खोटं बोलायले पोटात दारू नाही तुया. सांग."

हेमेंद्र पायरीवर बसला. जमिनीकडं बघत बोलू लागला. "मी पिऊन होतो म्हणून गुड्डूनं मले मागं बसवलं. त्यानं त्या दिवशी थेंबभर घेतली नव्हती."

"खोटं!"

"वळणावर त्याचा मोबाइल वाजला. एका हातात हँडल, एका हातात मोबाइल. वाचून हासला तो. मंग झाड."

"मोबाइल तं पोलिसायले भेटलाच नाही."

"मीच फेकला तळ्यात. तुमच्या घरी तो कोणाले दिसू नये म्हणून."

"काऊन? कोणाचा मेसेज होता?"

"नको विचारू."

"नाव सांग त्याचं! त्यालेही सोडणार नाही मी."

हेमेंद्रनं पहिल्यांदाच मान वर केली.

"'दादा, आज पिऊ नको.'"