ला पाझचा नुसता बेत

चिवड्याचं फुगलेलं पाकीट. तासभर उकळूनही कच्चा राहिलेला भात. बायकोचे निळसर ओठ. टेबलावर दक्षिण अमेरिकेचा नकाशा.

शरयूचं हृदय अधू, म्हणून डॉक्टरांनी तिला उंचावर जायला मनाई केली होती. “अहो, नुसतं ठरवायला काय जातं?” ती म्हणाली. मग आम्ही रोज डोंगरावरचं एकेक उंच शहर ठरवत गेलो: क्विटो, कुस्को. ला पाझची हॉटेलं बघताना तिला धाप लागली.

“पाकिटं अशी डोंगरावर फुगतात, शरयू,” मी म्हणालो. “मीट तो नकाशा.”

“घाबरट कुठले! अजून पोतोसी राहिलंय, ते याहून उंच.” हसत तिनं बोट पुढे सरकवलं.

तिला श्वास घेता यावा म्हणून मी खिडकी उघडली. आत आली ती विरळ, बर्फासारखी गार हवा.

आमचं घर वेंगुर्ल्याला, समुद्राच्या काठावर आहे.