उतरता आकडा

मुलुंडच्या त्या वन-रूम-किचनमध्ये प्रांजल एका हाताने इराच्या झोळीला झोका द्यायची आणि दुसऱ्या हाताने कॉम्प्युटरवर लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडायची. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसे. नवरा सिद्धेश सांगून ठेवायचा, "ऐंशीपर्यंत बिनधास्त राहा गं. नव्वदला घाबर."

आज दुपारी आकडा नव्वदला टेकला, आणि झोळीतली इरा तापाने फणफणली. प्रांजलने घाईघाईने व्हिडिओ थांबवला. आकडा उतरू लागला, तसं लेकीचं अंगही निवलं. पोर गाढ झोपली. प्रांजलला हायसं वाटलं.

आकडा मात्र उतरतच राहिला. चाळीस. तीस. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं. तिने कपाळावर ठेवावा तसा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर उपडा हात ठेवला. गार. मग झोळीत हात घालून इराचं पाऊल मुठीत धरलं. तेही गार.

तिने सिद्धेशला फोन लावला. "अरे, किती खाली गेलं तर धोका असतो?"

"खाली?" तो हसला. "वेडी आहेस का तू? खाली जाईल तेवढं चांगलंच ना."

पाऊल न सोडता तिने सगळी लग्नं एकदम चालू केली. खोलीभर वरातींचे बँड दणाणले. आकडा पंधरावर आला.

इरा काही दचकली नाही.