झिपरी कुठे गेली?

व्हिडिओ कॉलवर शेळकेबाईंनी शाळेतला संगणक मला दाखवला. स्क्रीनवर नुसती करडी चौकट होती. मांडीवर बाळ दूध पीत होतं, म्हणून मी एका हातानेच मोबाइल धरला होता.

"सोमवारपासून हे असं आहे, मॅडम. पोरं मधल्या सुट्टीतही इथून हलत नाहीत."

या कर्णबधिर मुलांसाठी चार वर्षांपूर्वी मी झिपरी नावाची संगणकावरची कार्टून मुलगी बनवली होती. चित्रावर क्लिक केलं की ती हातांच्या खुणांनी शब्द शिकवायची. जे टूल वापरून मी तिला बनवलं ते एका कंपनीचं, आणि शाळेतला ब्राउझर त्या कंपनीच्या स्पर्धक कंपनीचा. दोघींच्या चढाओढीत नव्या ब्राउझरने ते टूल चालवणंच बंद केलं.

"दुसऱ्या कशात करता येईल ना?"

"सगळं पहिल्यापासून करावं लागेल, बाई. ऑफिसात विचारलं मी. फुकटच्या कामाला आता माणूस देणार नाही म्हणाले. आणि माझे दोन्ही हात सध्या याच्यातच अडकलेत."

"कळतं हो," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी पुढे आली. तिने खुणेने मला विचारलं, झिपरी कुठे गेली?

मोबाइल उशीला टेकवून मी मोकळ्या हाताने खूण केली, गावाला.

शेळकेबाईंनी मान खाली घातली.

मग त्या मुलीचे हात सावकाश हलले. माझे बाबापण तिकडेच गेलेत. दोन वर्षं झाली.