गुंडामामांची पारख

बटण दाबून सात मिनिटं झाली तरी पडद्यावरचं चक्र फिरतच होतं. गुंडामामांचं लक्ष मात्र चक्राकडे नव्हतं. ते दुकानदार पोराच्या हातांकडे पाहत होते.

"रोज एवढाच वेळ लागतोय, काका?" दिग्विजयने विचारलं.

"रोज. कराडात दावला. त्यो म्हणला, मदरबोर्ड गेलाय, नवाच घ्या."

हे सपशेल खोटं होतं. कराडला मामा फक्त एसटी बदलायला उतरले होते. नावसुद्धा त्यांनी ज्ञानू सांगितलं होतं आणि गाव जवळचंच ढालगाव. प्रत्यक्षात पोत्यात गुंडाळलेला कॉम्प्युटर मांडीवर घेऊन ते सकाळीच कोयनानगरहून निघाले होते. कवठे महांकाळला पोचेपर्यंत दुपार झाली. एवढा खटाटोप एकाच कारणासाठी. या दिग्विजयचं स्थळ त्यांच्या भाचीला, साक्षीला, सांगून आलं होतं.

मामांचा स्थळांवरचा विश्वास उडाला होता. थोरली भाची क्रांती ज्याला दिली तो मुलगा म्हणे कंपनीत सुपरवायझर होता. लग्नानंतर कळलं, ती कंपनी दोन वर्षांपूर्वीच बंद पडली होती. आठ महिन्यांत पोरगी परत आली आणि तेव्हापासून घरात कुणाशी धड बोलत नव्हती. बाप नसलेल्या पोरी, शब्द दिला तो मामांनीच. ते त्यांना फार लागलं होतं. साक्षीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

म्हणून प्रत्येक मुलाला ते अनोळखी गिऱ्हाईक होऊन भेटत. किराणावाल्याकडून गूळ घेतला आणि दुसऱ्या दुकानात वजन करून पाहिला. जीपवाल्याच्या जीपमधून उगाचच पाटणला जाऊन आले. दोन्ही स्थळं गेली. सांगलीला शिकून आलेल्या साक्षीने तर या तिसऱ्या स्थळाला ऐकताक्षणीच नाक मुरडलं होतं. "तिकडं कुठं जाऊ मी, त्या दुष्काळात?" म्हणाली. पण साक्षीने धूळ पुसायला उघडल्यापासून घरचा कॉम्प्युटर तीन आठवडे अडून बसलेला आणि मुलगा नेमका दुरुस्तीवाला. मामांना आयतं निमित्त मिळालं.

दुकान लहान पण नीटनेटकं होतं, भिंतीवर सांगलीच्या कॉलेजचं सर्टिफिकेट. खंडेनवमी होऊन दोन महिने झाले, तरी पेचकस, ब्लोअर, फळीवर रचलेल्या जुन्या डिस्क, सगळ्यांवर हळदकुंकवाची बोटं अजून दिसत होती. मामांना ते बरं वाटलं. त्यांच्या घरी यंदा चुलती वारल्याने सुतक होतं, साधा कोयतासुद्धा पुजला नव्हता. बरं वाटलं म्हणून संशय मात्र तसूभर कमी झाला नाही. देवभोळा जावई त्यांनी एकदा करून पाहिला होता.

"चा सांगू?"

"नगं. तुमी काम करा."

चहाच्या निमित्ताने नजर हलायची आणि आतला एखादा पार्ट बदलला जायचा. मामा स्टूल पुढे ओढून बसले.

दिग्विजयने झाकण उघडलं, धूळ उडवली आणि आत बोट दाखवलं. "काका, ह्यात दोन डिस्क हायत."

"दोन? आमाला तर म्हाईत न्हाई."

"पयल्या मालकानं बसवली आसंल. सेकंडहँड घेतलाय न्हवं?"

"व्हय. कॉलनीतल्या सायबाकडनं."

"मग बराबर. सुरू हुताना ह्यो दोघींची हजेरी घेतोय. ही दुसरी खराब हाय, ती ओ देत न्हाई. तवर ह्यो आपला वाट बघत बसतोय."

त्याने दुसऱ्या डिस्कची वायर काढली आणि बटण दाबलं. मामांनी घड्याळ धरलं होतं. बावीस सेकंदांत पडदा उजळला.

"मदरबोर्ड?"

"ठणठणीत हाय. कराडवाल्याच्या ध्यानात आलं नसंल, हुतंय तसं."

"किती द्यायचं?"

"कशाचं, काका? नुसती वायर काढलीया."

पोराला लुबाडायची आयती संधी होती आणि त्याने ती घेतली नव्हती, वर त्या न पाहिलेल्या दुकानदाराला नावंही ठेवली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या छातीवरचा दगड थोडा हलला.

तेवढ्यात दिग्विजयने डिस्क खोलून ड्रॉवरमध्ये टाकलेली त्यांनी पाहिली.

"ती का ठेवली?"

"निकामी हाय. मी टाकतो की."

"माझ्या कॉम्प्युटरातली हाय. मला द्या."

दिग्विजय क्षणभर थांबला. मग मामांच्या डोळ्यांदेखत त्याने तीच डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. "न्या की."

मामांनी कागदाची पुडी पोत्यात कोंबली, घसा साफ केला आणि आपलं खरं नाव सांगितलं. पोरगा उठून उभाच राहिला आणि पाया पडला. वडील भाऊसो अर्ध्या तासात शेतातून आले, शेजारची चार माणसं बोलावली आणि त्या चौघांसमोर मामांनी शब्द दिला. या खेपेला चहाही घेतला.

दुसऱ्या दिवशी कोयनानगरला कॉम्प्युटर सुरू झाला तो बघता बघता.

"मला न विचारताच शब्द दिलासा, मामा?" साक्षी खाली मान घालून म्हणाली.

"आगं, पोरगं लय सरळ हाय. मी पारखून घेतलंय."

"तुमी म्हणाल तसं," असं म्हणून ती आत गेली. मोठं भांडण होईल असं धरून चाललेल्या मामांना फार हलकं वाटलं.

त्यांनी पोत्यातून पुडी काढून क्रांतीपुढे धरली. "बघ, हिनं सगळा घोळ घातलावता. त्या सायबानं आत बसवून ठेवलीवती, कवाची कुणास ठावं."

क्रांतीने कागद उलगडला. डिस्क उलटीपालटी केली, अंगठ्याने घासली आणि तो पिवळा-लाल अंगठा बराच वेळ पाहत राहिली.

"मामा," ती म्हणाली, "आपली तर औंदा खंडेनवमी झालीच न्हाई. मग हिला हळदकुंकू लावलं कुणी, आन आपल्या कॉम्प्युटरात बसवली कुणी?"