फाटकाच्या आतून

“नाही,” समोर बसलेली मुलगी म्हणाली. “मला असं म्हणायचं नव्हतं.”

वकील वैतागला. नववीच्या वर्गाने त्याला हे नाव ठेवलं होतं, कारण समोर कोणी नसेल तर तो फळ्याशीही वाद घालेल अशी सगळ्यांची खात्री होती. पण शुक्रवारच्या शेवटच्या तासाला त्याचं घोडं हमखास अडायचं. त्या तासाला बाई एखादी ताजी बातमी घेत. तिच्यावरून हवं तेवढं भांडा, त्यांची ना नसे. मात्र आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. समोरचा “हो, हेच” म्हणेपर्यंत सांगत राहायचं. तोवर आपली पाळी नाही.

आजची बातमी घराजवळचीच होती. नदीत रंगाचं पाणी सोडणारा कारखाना बंद होऊन आज वर्ष झालं होतं. वकील नदीकाठी राहायचा. त्याच्यासमोर बसलेल्या मुलीची आई त्याच कारखान्यात पॅकिंगला होती. आता ती घरीच असते.

“तुला नदीपेक्षा पगार महत्त्वाचा वाटतो,” वकिलाने पुन्हा प्रयत्न केला.

“नाही.”

“कारखाना परत सुरू करावा, असं तुला वाटतं.”

“नाही रे! ते पाणी आम्हीपण प्यायचो. आईचा खोकला अजून गेला नाहीये.”

“अगं, मग तुझं म्हणणं तरी काय आहे?”

वर्ग हसला. मुलगी हसली नाही.

“कुलूप लागलं त्या दिवशी तुम्ही सगळे फाटकाबाहेर टाळ्या वाजवत होता,” ती म्हणाली. “आई आत होती. तिचं सामान पिशवीत भरत होती. तिला ऐकू येत होत्या टाळ्या.”

बाकावर बोट घासत वकील म्हणाला, “कारखाना बंद झाला, त्याचं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या, त्याचं तुला वाईट वाटलं.”

“हो, हेच.”

“आता तुझी पाळी,” बाईंनी त्याला आठवण करून दिली.

“मला काही बोलायचं नाहीये,” वकील म्हणाला, आणि वर्गाला आश्चर्याचा धक्काच बसला.

बाई खिडकीशी उभ्या होत्या. टाळ्या त्यांनीही वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्यांचा फोटोही आला होता, अगदी पुढच्या रांगेत. कारखान्याविरुद्धच्या अर्जावर पहिली सही त्यांची होती आणि कारखान्याच्या बॉयलरवर त्यांचा सख्खा मोठा भाऊ होता. तेव्हापासून त्याचा फोन नाही आणि बाईंनीही केला नाही. सहीमुळे तो रागावलाय, हे त्यांनी धरूनच टाकलं होतं. सही तर बरोबर होती, मग माघार कशाला घ्यायची? तत्त्व राहिलं आणि भाऊ गेला. शाळा सोडली तर त्यांना बोलायला माणूस नव्हतं. रविवारी घरात स्वतःचा तरी आवाज ऐकू यावा म्हणून त्या पेपर मोठ्याने वाचायच्या.

“बाई, मग आता तुम्ही सांगा ना,” वकिलाला पुन्हा कंठ फुटला. “तुमचं कोणाशी वाजलंय?”

“माझं कशाला वाजेल कोणाशी?” बाईंनी हसण्यावारी नेलं. कोणाचाही विश्वास बसला नाही. चौदा वर्षांच्या पोरांना थाप पटकन कळते.

“भावाशी,” शेवटी त्या म्हणाल्या.

बाई खुर्चीत बसल्या आणि भावाच्या वतीने बोलू लागल्या. “पाणी खराब आहे, हे मलाही माहीत होतं. सहीचं मला काही नाही. पण माझी नोकरी जात होती आणि माझी बहीण फोटोत हसत होती.”

“पण बाई,” ती मुलगी हळूच म्हणाली, “‘हो, हेच’ कोण म्हणणार?”

तेवढ्यात घंटा झाली. मुलं रोजच्यासारखी धावत सुटली नाहीत, एकेक करून गेली. रिकाम्या वर्गात बाईंनी फोन लावला. बराच वेळ तो वाजत राहिला. मग उचलला गेला. पलीकडून टीव्हीवरच्या बातम्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

“दादा, मी बोलतेय. आधी ऐकून घे. तुला सहीचं वाईट वाटलं नाही. मी फोटोत हसले, त्याचं वाटलं. हो ना?”

“नाही,” दादा म्हणाला.

आता हा फोन ठेवणार, असं बाईंना वाटलं. त्याने ठेवला नाही.

“फोटोत सगळेच हसतात गं. मी बाहेर यायला निघालो होतो. गर्दीत तू दिसलीस. म्हटलं, हिच्याबरोबर घरी जावं. एकट्याने जायला कसंतरीच वाटत होतं. म्हणून फाटकाच्या आतून तुला हात केला. पुन्हा केला. तू माझ्याकडे बघितलंस आणि तोंड फिरवलंस.”

बाईंना तो दिसलाच नव्हता. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं आणि फोटोवाला दुसऱ्या बाजूने हाका मारत होता. हे सगळं त्यांच्या ओठांवर आलं. त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. त्यांनी ते गिळलं.

“तू मला हात केला होतास,” त्या म्हणाल्या. “मी तोंड फिरवलं, असं तुला दिसलं. आणि तू एकटाच घरी गेलास.”

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

“हो,” दादा म्हणाला.